चार बाटल्या मदेरा आणि आठ माणसांचं जेवण

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार. रात्री साडेअकराला शेवटचं भांडं विसळून पालथं घातलं आणि ओट्याशी बसून वहीत तारखा लिहून काढल्या. भाचा मदेरा वाईनच्या बाटल्या घेऊन आला त्या दिवसापासून बरोबर दहा आठवडे. एवढा वेळ एका जेवणाला लागतो असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी कदाचित हातच घातला नसता. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. आपल्या घरच्या जेवणाबरोबर अशी वाईन कशी लावायची याबद्दल मराठीत मला काही सापडलं नव्हतं.

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यात केरीला. कुळागर आहे, त्याला लागून दोन खोल्यांचं होमस्टे आहे. पोफळी, माड, मिरवेली, वरच्या अंगाला काजू. बहिणीचा मुलगा पोर्तुगालच्या मदेरा बेटावर, फुंशाल शहरात, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. मे महिन्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. सुट्टीच्या दिवशी तो बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सांव विसेंतच्या बाजूला गेला होता आणि मला द्राक्षाचा एक मळा दाखवत होता. डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्या केलेल्या, काळ्या दगडाचे बांध, वर आडवा मांडव आणि मांडवाखाली भाजी. बाजूने पाण्याचा अरुंद पाट वाहत होता. तिथे त्याला लेवाडा म्हणतात. "मावशी, बघ, आपलं कुळागर," तो म्हणाला. खरंच, मांडवावर द्राक्षाऐवजी कारली असती तर मी ओळखलं नसतं.

मग तो म्हणाला, "या एकाच मळ्याची वाईन वेगळी भरतात. आणू का तुला? शागोतीबरोबर लावून बघ." शागोती म्हणजे आमचं भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं कोंबडीचं कालवण.

मला एकाच मळ्याचं महत्त्व समजायला वेळ लागला नाही. मदेरा बेटावर शेतकऱ्यांकडे जमिनीचे लहान लहान तुकडे. बहुतेक वाईन अनेकांची द्राक्षं एकत्र करून होते, जसं घाण्यावर दहा घरांचं खोबरं एकत्र पडतं. त्यात वाईट काही नाही. पण आमच्या कुळागरातल्या नारळाचं तेल आम्ही वेगळं काढून आणतो तेव्हा त्याचा वास आम्हाला डोळे मिटून ओळखता येतो. तसंच हे.

ही वाईन साधी नव्हे, फोर्टिफाइड. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात ९६ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि रसातली थोडी साखर तशीच राहते. बाटलीवर १९ टक्के अल्कोहोल लिहिलं आहे. साध्या वाईनमध्ये ते बारा-तेरा असतं. द्राक्षाची जात व्हर्देल्यु, पांढरं द्राक्ष. मदेराच्या चार नावाजलेल्या पांढऱ्या जाती कोरड्याकडून गोडाकडे अशा लागतात: सेर्सियाल, व्हर्देल्यु, बुआल, माल्वाझिया. म्हणजे आमची दुसरी पायरी, मध्यम कोरडी. लिटरमागे साखर साधारण ५० ते ६५ ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण बेटाच्या ज्वालामुखी मातीतून येणारा आंबटपणा इतका धारदार असतो की गोडी जिभेवर टिकत नाही.

पण मला खरं ओढलं ते याने नाही. पोर्तुगीज जहाजं भारताकडे निघताना मदेरात वाईनची पिंपं चढवत. विषुववृत्त ओलांडून, उष्ण समुद्रातून महिनोन् महिने प्रवास. जी पिंपं न विकली जाता परत गेली ती उघडल्यावर लोकांच्या लक्षात आलं की उष्णतेने ही वाईन बिघडली नाही, उलट सुधारली. मग मुद्दाम पिंपं फिरवून आणू लागले. त्या वाईनला नावच पडलं व्हिन्यु दा रोडा, फेरी मारून आलेली वाईन. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस जहाजाऐवजी बेटावरच उष्णता द्यायची सोय झाली. आता स्वस्त वाईन टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. चांगली वाईन लाकडी पिंपांत भरून गोदामाच्या उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवतात. माझी ही दुसऱ्या प्रकारची.

ही वाईन गोव्याच्या वाटेवर घडली हे कळल्यावर ती आमच्या नारळाबरोबर लावून बघणं मला टाळताच येईना.

आधी इथेच मिळते का ते पाहिलं. जूनमध्ये पणजीत दोन आणि मडगावात तीन दुकानांत विचारलं. सगळीकडे पोर्ट पुढे केलं, इथली लाल गोड. बाहेरून येणाऱ्या वाईनवर दीडशे टक्के सीमाशुल्क आणि त्यावर राज्याचं अबकारी शुल्क, तेव्हा ज्या बाटलीला गिऱ्हाईकच नाही ती कोण मागवणार? एका दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमच्या भाच्यालाच सांगा."

सामानातून आणायचे नियम सोपे आहेत, पण आधी वाचलेले बरे. भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. आमच्या बाटल्या अर्ध्या लिटरच्या, म्हणून चार. ना एक थेंब जास्त, ना कमी. विमानात २४ टक्क्यांच्या वरच्या मद्याला वेगळी मर्यादा लागते, १९ टक्क्यांना नाही. गावातल्या दुकानातून घेतलेली बाटली हातातल्या पिशवीत चालत नाही, ती मोठ्या बॅगेतच घालावी लागते. भाच्याने प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जाड मोजात आणि मग जीन्सच्या पायात घालून बॅगेच्या मधोमध ठेवली. बिल मात्र खिशात. एका बाटलीचे ३२ युरो, चारचे १२८, म्हणजे आपले साधारण ११,९०० रुपये. हा आकडा मी सासूबाईंना सांगितला नाही.

१० ऑगस्टला, शनिवारी पहाटे, तो मोपा विमानतळावर उतरला. बॅग तपासणीसाठी बाजूला घेतली, बिल पाहिलं, बाटल्या मोजल्या, आकारमान वाचलं आणि सोडलं. वीस मिनिटं. "बिल नसतं तर मला इतकं शांत राहता आलं नसतं," असं तो गाडीत म्हणाला. माझ्या नवऱ्याने बाटल्या घरी आणून मोजांतून काढल्या तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.

आणि मग काहीच करता येईना. श्रावण लागला होता. आमच्या घरात श्रावणात मासळी नाही आणि दारूचं नाव नाही. त्यामागोमाग चवथ, मग पितृपक्ष, मग नवरात्र. भाच्याची रजा ३० ऑगस्टला संपली आणि बाटली उघडायच्या आतच तो परत गेला. दुसरी कुठलीही वाईन असती तर मी घाबरले असते, कारण आमच्याकडे वातानुकूलित खोली नाही आणि सप्टेंबरात दुपारी कोठीच्या खोलीतही तीस अंश होतात. मदेराचं एक मोठं सुख म्हणजे जे काही बिघडायचं ते पिंपातच होऊन गेलेलं असतं. उष्णता पाहिली, हवा पाहिली. मी बाटल्या कोठीत फरशीवर, खिडकीपासून लांब ठेवल्या. उभ्या ठेवल्या, हे महत्त्वाचं. वाईन आडवी ठेवायची असं सगळे सांगतात, पण मदेराचं आम्ल बुचाला खातं, म्हणून ती उभी.

थांबायच्या या काळात दोन कामं केली.

एक, परवानगीचं. होमस्टे असल्यामुळे माझ्या मनात धाकधूक होती. जेवायला येणाऱ्या आठांत पुण्याचं एक जोडपं आमचं नेहमीचं पाहुणं, त्या दिवशी खोली घेऊन राहणार. मग मी त्यांना दारू वाढली तर ती विक्री होते का? २१ ऑगस्टला मी अबकारी कार्यालयात गेले. ज्यांना विचारायचं ते बाहेर पाहणीला गेले होते. २३ ला पुन्हा गेले. उत्तर दहा मिनिटांत मिळालं, तेही समजेल अशा भाषेत. दारूचे पैसे घेतले, मग ते जेवणाच्या बिलात मिळवलेले का असेनात, की ती विक्री आणि विक्रीला परवाना. समारंभापुरता एका दिवसाचा परवाना मिळतो. पण प्रवाशाने स्वतःच्या वापरासाठी शुल्क न भरता आणलेल्या बाटल्या विकायच्याच नसतात, परवाना असला तरी. मी घरी येऊन पुण्याच्या जोडप्याला लिहिलं की खोलीचं भाडं नेहमीचं आणि शनिवारचं रात्रीचं जेवण आमच्याकडून, घरचं आमंत्रण. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तुमचा होमस्टे असेल तर तुमच्या तालुक्यात जाऊन स्वतः विचारा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. नियम प्रत्येकाच्या नोंदणीप्रमाणे लागतो.

दुसरं काम वाचनाचं. त्याने मी अधिकच गोंधळले. व्हर्देल्युबरोबर काय, तर बदकाचं काळीज, निळ्या बुरशीचं चीज, सुकवलेलं डुकराचं मांस, कांद्याचं फ्रेंच सूप. यातलं एकही आमच्या घरात शिजत नाही. दोन रात्री मी असाच विचार करत बसले होते की चीज आणून ताटलीत मांडावं आणि मोकळं व्हावं. शेवटी तो कागद बाजूला ठेवला आणि ठरवलं, चवथ झाल्यावर एक बाटली फक्त चाचणीसाठी फोडायची. हा खर्च वाचवू नका. तीन बाटल्या राहिल्या तरी चालतील, पण न चाखता आठ माणसांना बोलावू नका.

पहिली चाचणी १५ सप्टेंबरला, रविवारी. पाच दिवसांचा गणपती पोचवून झाला होता, पितृपक्षाला अजून तीन दिवस होते. मी, नवरा आणि शेजारचं एक जोडपं. मी बाटली आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये ठेवली होती आणि स्टीलच्या छोट्या पेल्यांत ओतली. वास शून्य. जिभेवर नुसता लिंबू. शेजाऱ्यांनी सभ्यपणे "छान आहे" म्हटलं आणि मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात लाइट गेली, मेणबत्ती शोधण्यात वीसेक मिनिटं गेली आणि परत येऊन तोच पेला उचलला तर त्यातून अक्रोड, सुकवलेली संत्र्याची साल, जरा करपलेली साखर, असं एकेक वर यायला लागलं. फार थंड झाल्यावर ही वाईन मुकी होते. त्याउलट, तासाभराने खोलीइतकी कोमट झाली तेव्हा नाकात नुसतं स्पिरिट चढलं. पुढच्या वेळी मी स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला, ३५० रुपयांचा, आणि १४ अंशांवर थांबले. आमच्या हवामानात याचा हिशेब असा बसला: फ्रिजमध्ये पाऊण तास, मग टेबलावर दहा मिनिटं. पेले काचेचे हवेत, खाली पोट आणि वर निमुळते, कारण वास त्यातच साठतो. पणजीहून दहा आणले, २४० रुपयांचा एक. दोन फुटतील म्हणून दहा. फुटला एकच.

चाखायची पद्धत मी अशी ठेवली आणि तीच पाहुण्यांनाही सांगितली. आधी रंग बघा. माझी वाईन काजूच्या जुन्या मधासारखी होती, कडेला किंचित हिरवट. मग न हलवता वास, मग हलवून वास. मग लहान घोट, तोंडभर फिरवून गिळायचा किंवा थुंकायचा. थुंकायला एक तांब्या ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि गिळल्यावर थांबा. तोंडाला किती वेळ पाणी सुटतं ते मोजा. साध्या वाईनला मी पाच-सहा मोजते. हिला वीस मोजले तरी पाणी सुटतच होतं. ते पाणी म्हणजे आम्ल. नारळाचं दूध, तळण, स्निग्ध मांस यांना कापायला ते कामाला येणार होतं.

सासूबाई पीत नाहीत. त्या दिवशी त्या नुसत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी पेला त्यांच्या नाकाशी नेला. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर खोबरं भाजल्याचा वास. शागोतीचं खोबरं, उतरवायच्या अगदी आधी येतो तो."

सगळ्या कागदांतून जे मिळालं नव्हतं ते त्या एका वाक्यात मिळालं. तापवल्याने आणि लाकडात जुनं झाल्याने त्या वाईनमध्ये जे तपकिरी, भाजके, करपत्या साखरेचे वास तयार होतात तेच आपण तव्यावर खोबरं, काजू, कांदा परतताना तयार करतो. म्हणजे शोधायचा तो भाजका पदार्थ.

पण त्या दिवशी ताटात जे होतं त्यातलं निम्मं चुकलं. रेशाद मसाल्याचा बांगडा सगळ्यांत वाईट. एकोणीस टक्के अल्कोहोल मिरचीच्या आगीत तेल ओततं. पहिल्या घासानंतरच शेजारीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेफळ घातलेलं हुमण, म्हणजे मासळीची नारळातली कढी, दुसरं. तेफळाने जीभ बधिर होते आणि मग वाईन पाणी लागते. मला तेफळ जिवापाड आवडतं, पण दोघांना एका ताटात आणायचं नाही हे पक्कं झालं. सोलकढीने तिसरी फजिती केली. आमसुलाचं आम्ल वाईनच्या आम्लापेक्षा वरचढ झालं आणि वाईन एकदम सपक वाटली. बिबिंक मी मोठ्या आशेने आणलं होतं. त्यानंतर घोट घेतला तर वाईन आंबट ढाण. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की असंच होतं. बिबिंकाला बुआल किंवा माल्वाझिया हवी, ही नव्हे.

जुळलं ते खारवलेल्या काजूंशी आणि, कुणी मनात आणलं नव्हतं अशा, किसमुरीशी. सुकी सुंगटां (कोळंबी), भाजलेलं खोबरं, बारीक कांदा, थोडी मिरची, चिंचेचा अगदी थेंब. ती मी फक्त ताटाच्या कोपऱ्याला वाढली होती. सुक्या मासळीचा खारटपणा लागला की वाईनची धार मवाळ होते आणि खोबरं पुढे येतं. माझा नवरा, जो वाईनला "ताप आल्यावर घ्यायचं औषध" म्हणतो, त्याने किसमूर दुसऱ्यांदा मागितली आणि पेलाही पुढे केला.

उरलेली बाटली बूच लावून, उभी, फ्रिजच्या दारात ठेवली. पितृपक्ष आणि नवरात्र मिळून जवळजवळ चार आठवडे गेले. मध्ये मध्ये मला वाटायचं, आता ती गेली असेल. साधी पांढरी वाईन उघडल्यावर चार दिवसांत टाकून द्यावी लागते.

दुसरी चाचणी १३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. बूच काढलं, वास घेतला. तीच. उलट स्पिरिटचा पहिला भपका कमी झाला होता. त्यावरून ठरवलं की जेवणाच्या दोन्ही बाटल्या आदल्या संध्याकाळी उघडून तासभर हवा द्यायची आणि परत बूच लावायचं. हे केलं आणि फरक पडला.

या वेळी दोन गोष्टी बघायच्या होत्या. शागोतीत मिरची किती चालते, आणि कालची कढी. शागोती तीन वाट्यांत केली. नेहमीची, निम्म्या मिरचीची आणि फक्त ब्याडगीची. निम्म्या मिरचीची जिंकली. ब्याडगीची शागोती रंगाला सुरेख, पण वाईनपुढे जरा भोळी वाटली. खसखस, दगडफूल, जायफळ यांना मी हात लावला नाही, खोबरं मात्र नेहमीपेक्षा एक छटा जास्त भाजलं. कालच्या कढीची कल्पना नवऱ्याची. सुंगटांचं हुमण शुक्रवारी करायचं, शनिवारी मातीच्या भांड्यात मंद आंचेवर आटवत आटवत घट्ट करायचं आणि पोईबरोबर, म्हणजे गोव्याच्या पावाबरोबर, खायचं. गोव्यात सकाळच्या न्याहारीला ही खाल्ली नाही असं माणूस सापडायचं नाही. उष्णता देऊन देऊन जुनी केलेली कढी आणि उष्णता देऊन देऊन जुनी केलेली वाईन. तोंडात एकत्र आल्या तेव्हा आम्ही दोघं काही बोललोच नाही.

शनिवारचा हिशेब असा: दोन बाटल्या म्हणजे हजार मिलीलिटर, आठ माणसं, चार वाढपं, प्रत्येकी ३० मिली. एकूण ९६०. माणशी १२० मिलीच्या वर नाही. एकोणीस टक्क्यांच्या वाईनला एवढं पुरे आणि औषधाच्या मापाने मोजून ओतलं तरच शेवटच्या पदार्थापर्यंत पुरतं. मडगावहून येणाऱ्या जोडप्याला आधीच सांगितलं होतं की रात्री राहायचं. आपल्याकडे गाडी चालवताना रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि फोंड्याहून रात्री परत जाण्याइतकं हे जेवण हलकं नव्हतं. पुण्याच्या बाई मांसाहार करत नाहीत, त्यांच्यासाठी किसमुरीच्या जागी भाजल्या खोबऱ्यातली वाल-पापडी आणि शागोती अळम्यांची (मशरूमची). रानातल्या अळम्यांचा मोसम संपला होता, म्हणून बाजारातल्या घेतल्या. प्रामाणिकपणे सांगते, अळम्यांची शागोती कोंबडीपेक्षा सरस जुळली. मातीचा वास वाईनला फार मानवतो.

साडेसातला सुरुवात. पहिलं वाढप आमचेच काजू, मंद आंचेवर भाजून, मीठ आणि आमच्याच वेलीची मिरी जाडसर कुटून. मी भाच्याने काढलेला मळ्याचा फोटो छापून मध्ये ठेवला होता आणि पाट, बांध, मांडव सगळ्यांना दाखवले. शेजारचे काका ७४ वर्षांचे. ते बराच वेळ पेला धरून बसले. म्हणाले, "६१ साली मी अकरा वर्षांचा. शेजारच्या घरी फेस्ताला गेलो की मोठी माणसं असंच काहीतरी बोटभर पेल्यातून प्यायची. आम्हाला वास मिळायचा, थेंब नाही. आज त्या वासाची चव कळली." मग त्यांनी किसमूर पोईच्या तुकड्यावर घेऊन खाल्ली आणि पुढे दहा मिनिटं कुणाशी बोलले नाहीत.

कढीच्या वेळी माझी एक चूक झाली. भांडं गरम गरम टेबलावर आणलं. कढत पदार्थ आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंड पोळल्यासारखं होतं. दोघांनी घोट घेऊन चेहरा वाकडा केला. मी भांडं उचललं, पाच मिनिटं थांबले, पुन्हा वाढलं आणि सगळं सरळ झालं. पदार्थ कोमट वाढा. चाचणीत मी हळूहळू जेवत होते म्हणून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शागोती वड्यांबरोबर. वाईनच्या आम्लाने तळलेल्या वड्याचं तेल कसं कापलं जातं हे पुण्याचे गृहस्थ मोठ्या आनंदाने दोनदा समजावून सांगत होते आणि मी त्यांना थांबवलं नाही, कारण ते बरोबर सांगत होते. त्यानंतर पेले उचलले. पेले उचलल्यावरच वरणभात, सोलकढी आणि शेवटी मणगणें. सोलकढी जेवणातून काढायची नव्हती, फक्त तिची जागा बदलायची होती. गोड पदार्थाबरोबर वाईन ठेवली नाही याचं कुणाला काही वाटलं नाही.

खर्च, विचारणाऱ्यांसाठी: वाईन ११,९००, पेले २,४००, थर्मामीटर ३५०, चाचण्यांचं सामान दीडएक हजार, शनिवारचं सामान ३,२००. म्हणजे १९,३५०, त्यात एक बाटली अजून न उघडलेली शिल्लक आहे. चाचणीच्या बाटलीतलं बोटभर मी मुद्दाम ठेवलं होतं. तुळशीच्या लग्नाच्या रात्री, १३ नोव्हेंबरला, उघडून दोन महिने होत आले असताना ते प्यायले. जरा मऊ झाली होती, वास शाबूत.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन करून पदार्थांची यादी वाचून दाखवली. किसमुरीवर तो थांबला. "मावशी, इथे सुकी सुंगटां मिळत नाहीत गं. म्हणजे मिळतात, पण वास नाही. पाठवशील? मला आमच्या शेफला खायला घालायची आहे." नवऱ्याचा चुलतभाऊ डिसेंबरात लिस्बनला जाणार आहे. युरोपात प्रवाशाला मांस आणि दूध नेता येत नाही, मासळीचे पदार्थ स्वतःच्या वापरापुरते नेता येतात. तो नियम मी छापून त्याच्या पासपोर्टच्या पाकिटात घातला आहे. सासूबाईंनी पाव किलो सुंगटां निवडून, डोकी काढून, दोन दिवस ऊन दाखवून दोन पिशव्यांत बंद केली आहेत. वरच्या पिशवीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, "खोबरं नीट भाज."